तेरा डबे आणि आठवा नियम

आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसते. ऑक्टोबर लागला की त्यावर नकाशे पसरतात, ते मे संपेपर्यंत हलत नाहीत, आणि आम्ही दोघं ताटल्या मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतो. बावीस हिवाळे हे असंच चाललं. माझा नवरा हाल्वार देश पायी चालून जायची तयारी करत होता.

देश म्हणजे सगळा देश. खाली दक्षिणेच्या टोकाला लिंडेस्नेसचा दीपस्तंभ, वर उत्तरेच्या टोकाला नोर्डकापचा कडा, आणि मधे अडीच हजार किलोमीटरहून जास्त डोंगर, पठारं, दलदल नि बर्फ. दर उन्हाळ्यात थोडी माणसं ही वाट चालतात. कुणी कुत्रा घेऊन, कुणी नोकरी सोडून, कुणी घटस्फोटाचे कागद सही करून. आमच्या भागातून जे जे गेले ते सगळे आधी आमच्या टेबलाशी बसून गेले, कारण कोंग्सबर्गात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की वाट विचारायची तर हाल्वारला. कुठल्या ओढ्यावर जूनमध्ये पूल नसतो, वाटेवरच्या कुठल्या लाकडी मुक्कामघरातली चूल धुरकटते, कुठून कुठे सात तास नि कुठून कुठे अकरा, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं. तो कारखान्यात मोजमापं तपासायच्या विभागात होता. केसाएवढी चूक त्याच्या नजरेतून सुटायची नाही. दात घासायच्या ब्रशाचा दांडा करवतीनं कापून त्यानं चार ग्रॅम वाचवले होते आणि ते पाहुण्यांना दाखवायचा.

लोक त्याच्याकडून कागदांचा गठ्ठा घेऊन जायचे, देश चालून यायचे आणि शरद ऋतूत केक घेऊन फोटो दाखवायला यायचे. हाल्वार चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघायचा नि म्हणायचा, "हा ओढा तू पन्नास मीटर वरच्या अंगानं ओलांडायला हवा होतास."

तो स्वतः कधीच गेला नाही. एका वर्षी वडील आजारी होते. पुढच्या वर्षी छप्पर गळत होतं. मग कारखान्यात नवं यंत्र आलं. मग एक हलका तंबू बाजारात येणार होता आणि तो आल्याशिवाय निघणं म्हणजे मूर्खपणा. एकदा घोटा दुखत होता, पण उजवा की डावा हे आता त्यालाही आठवत नाही. बोलाची कढी नि बोलाचाच भात म्हणतात ना, तसं. फरक इतकाच, की आमच्याकडे कढी खरी असायची, कारण ती मी करायचे.

मी तूरिद. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं काढली, त्यामुळे चाळीस माणसांचं जेवण मला डोळे मिटून जमतं. दर मार्चमध्ये मी ओव्हनचं दार लाकडी चमच्यानं किलकिलं ठेवून हाल्वारच्या वाटेसाठी जेवण वाळवायचे. रेनडिअरचा खिमा, गाजर, कोबी, ब्लूबेरी. पाच किलो खिमा वाळून दीड किलोच्या आत येतो आणि घराला आठवडाभर असा वास येतो की पोस्टमन दारातूनच "यंदा जाणार वाटतं!" म्हणून ओरडतो. मग जून यायचा, जायचा, आणि हिवाळाभर आम्ही ते डोंगरावरचं जेवण गरम पाण्यात भिजवून टीव्हीसमोर खायचो.

आठव्या की नवव्या हिवाळ्यात मी त्याला विचारलं होतं, "मी पण आले तर?"

हाल्वार दुष्ट नाही. त्यानं हसण्यावारी नेलं नाही, कॅल्क्युलेटर घेतला. "तंबू एकाचा आहे," तो म्हणाला. "दोघांचा घेतला तर साडेसहाशे ग्रॅम वाढतात."

"साडेसहाशे ग्रॅम मी उचलीन की."

"शिवाय तुझा वेग, तूरिद. वेळापत्रक माझ्या वेगावर बांधलंय."

माझा वेग त्याला कुठून ठाऊक? मी रोज पहाटे टेकडी चढून कामावर जायचे, बर्फ असो की चिखल, आणि तीस लिटरची पातेली एकटी उतरवायचे. पण मी वाकून वेळापत्रक बघितलं. त्यात माझं नाव आधीच होतं. शेवटच्या रकान्यात छोट्या अक्षरांत लिहिलं होतं: तूरिद, घरून मदत. मी तशीच कॉफी ठेवायला गेले. तिथं मी चुकले, आणि ती चूक मी चौदा वर्षं चालू ठेवली.

यंदा मात्र मी पाय रोवला. हाल्वार निवृत्त झाला होता, वडील वारले होते, छप्पर नवं होतं, तंबू घरात होता. फेब्रुवारीत मी त्याला म्हणाले, "यंदा डबे पोचवायचे. नाहीतर हे नकाशे मी चुलीत घालते."

डब्यांचं असं आहे. दोनेक आठवड्यांहून जास्त जेवण पाठीवर नेता येत नाही, म्हणून चालणारा माणूस वाटेवरच्या कुणाला तरी विनंती करून आपला डबा ठेवतो. कुणी दुकानदार असतो, कुणी शेतकरी, कुणी शाळेचा शिपाई. अनोळखी माणसं "ठेवा की" म्हणतात, कोठारात जागा करून देतात, उंदीर लागू देत नाहीत आणि एक क्रोनही घेत नाहीत. त्या बदल्यात झाकणावर नाव नि यायची तारीख लिहायची आणि त्या सुमाराला यायचं. डबा ठेवून जो आलाच नाही तो माणूस आमच्याकडे फार हलका समजतात. त्याचं नाव वर्षानुवर्षं त्या कोठारात झाकणावर राहतं.

आम्ही तेरा डबे भरले. ईस्टरच्या सुट्टीत सगळा देश स्की, संत्री नि चॉकलेट घेऊन डोंगरावर गेला होता, तेव्हा आम्ही गाडीतून दक्षिणेकडचे सहा डबे वाटत फिरत होतो. उरलेले सात टपालानं उत्तरेला गेले. पहिला डबा येर्त्रुद नावाच्या म्हातारीच्या शेतावर ठेवला. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण बकऱ्या अजून स्वतः बघणारी. तिनं झाकणावरची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"दहा जून," ती म्हणाली. "नक्की ना? मी त्या दिवशी वॅफलचं पीठ भिजवीन."

"हवामानावर आहे," हाल्वार म्हणाला.

"हवामान असतंच रे बाबा, कुठं जातंय. तू येणार का ते विचारतेय."

"येणार," हाल्वार म्हणाला, आणि तिनं त्याचा हात हातात घेऊन दाबला. परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता. मला वाटलं, घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

मग मेमधली ती सभा आली. आमच्या डोंगरवाटांच्या मंडळाची हंगामाआधीची सभा दरवर्षी शाळेच्या सभागृहात होते आणि हाल्वार तिथं तयारीवर भाषण देतो. यंदा साठेक माणसं आली होती, कारण सगळ्यांना कळलं होतं की हाल्वार जाणार. मी मागे वॅफलच्या साच्याशी उभी होते. मी नेहमीच तिथं असते. त्यानं पडद्यावर नकाशे दाखवले, तेरा डबे दाखवले, आणि मग एक आलेख दाखवला. सेटेसडालच्या पठारावर यंदा बर्फ नेहमीपेक्षा चाळीस टक्के जास्त आहे. तेव्हा, तो म्हणाला, पूर्ण विचारांती त्यानं ठरवलंय की मोहीम पुढच्या वर्षी. डबे ठेवणाऱ्यांना तो उद्यापासून फोन करणार होता. आतलं चॉकलेट खाऊन टाका, बाकीचं फेकून द्या, असं सांगणार होता.

हे मला तिथं कळलं, साठ माणसांबरोबर, हातात पिठाची पळी धरून.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मंडळाचा अध्यक्ष ओडब्यॉर्न उठून उभा राहिला. "हा खरा डोंगरातला माणूस," तो म्हणाला. "आठवा नियम काय सांगतो?"

डोंगराचे नऊ नियम आमच्याकडे पोरं पाढ्यांबरोबर शिकतात. सगळ्या सभागृहानं एका सुरात म्हटलं, "वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही!"

"परत फिरायला आधी निघावं लागतं," मी म्हणाले.

मी ओरडले नव्हते. पण टाळ्या नेमक्या तेव्हाच संपल्या आणि माझं वाक्य सभागृहाच्या मधोमध जाऊन पडलं. साठ माना मागे वळल्या.

"तूरिद," हाल्वार म्हणाला, "इथे नको. घरी बोलू."

"इथेच बोलू. टाळ्या इथेच घेतल्यास ना? घराच्या उंबऱ्यावरून माघारी फिरणाऱ्याला आठवा नियम लागत नाही, हाल्वार. तो नियम ज्यांचे पाय ओले झालेत त्यांच्यासाठी आहे."

"अगं पण बर्फ किती आहे ते बघ," ओडब्यॉर्न मला समजावायला लागला. तो नेहमी शाळेत शिकवल्यासारखा बोलतो. "चाळीस टक्के म्हणजे थट्टा नाही. तुला त्यातलं कळायचं नाही, पण—"

"मला खिम्यातलं कळतं," मी म्हणाले. "बावीस वर्षांत मी किती वाळवला ते कळतं. त्यातला घासभर तरी कधी आमच्या सोफ्यापेक्षा शंभर मीटर वर गेलाय का, विचार ह्याला."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसत म्हणालं, "मग तूच जा की, तूरिद!"

"जाते," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर कळलं की ते खरंच आहे, आणि त्या भरात मी साच्यालाच हात टेकला आणि बोट भाजून घेतलं. "एक जूनला निघते. डब्यांत माझ्या हातचं आहे आणि झाकणावरचं आडनाव माझंही आहे. कुणाला फोन करायचा नाही. आणि वॅफल करपली आहेत, आज तशीच खा."

 दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वार माझ्याआधी टेबलाशी जाऊन बसला होता. तीन दिवस तो उठला नाही. चौथ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे जाड फाईल ठेवली. वर लिहिलं होतं: तूरिदसाठी. माझा वेग त्यानं ताशी दोन पूर्णांक आठ धरला होता.

"हा वेग कुठून आणलास?"

"तुझ्या वयाची सरासरी."

मी फाईलमधून नकाशे काढून घेतले आणि वेळापत्रक त्याच्या पुढ्यात ठेवलं. "मग ही सरासरी निघू दे एक जूनला. मी माझ्या पायांनी जाईन."

"मला कसं कळणार तू कुठे आहेस?"

"मी सांगेन. रेंज मिळेल तिथून फोन करीन, आणि वाटेवरच्या प्रत्येक लाकडी घरातल्या नोंदवहीत पुढचा मुक्काम लिहीन. तेवढे नियम मलाही येतात."

"सॅक उचलून बघ तरी," तो चिडून म्हणाला. मी उचलली. पाठीवर घेतली आणि तशीच दुकानात जाऊन दूध आणलं. ब्रश मी अख्खा घेतला, दांड्यासकट.

पुढचे दोन आठवडे गावात माझी बरीच थट्टा झाली. बेकरीत बायका विचारायच्या, "काय तूरिद, नोर्डकापला जाताना ब्रेड नेणार का?" ओडब्यॉर्ननं घरी येऊन मला काळजीच्या स्वरात सांगितलं की पहिल्या आठवड्यात परत आलीस तरी मंडळात कुणी काही म्हणणार नाही. मी त्याला म्हटलं, "पहिल्या आठवड्यात परत आले तर तुझ्या दारात येईन, जेवण तयार ठेव." माझी मुलगी बर्गनहून फोनवर रडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, बाबांचं काय?" जसं काही बाबा चूल विझलेल्या घरात पाळण्यात पडलेत.

लिंडेस्नेसला मला हाल्वारनंच गाडीनं सोडलं. पाच तासांची वाट. चौथ्या तासाला मी विचारलं, "खरं सांग, तू का जात नाहीस?"

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "गेलो आणि जमलं नाही तर? मग माझ्यापाशी काय उरेल?"

मी शेजारच्या सीटवर बसले होते. खिडकीची काच खाली केली आणि वारा तोंडावर घेतला, कारण मला त्याला काहीतरी फार वाईट बोलायचं होतं आणि ते बोलून निघायचं नव्हतं.

दीपस्तंभापाशी त्यानं माझ्या सॅकचे पट्टे घट्ट केले, मग सैल केले, मग पुन्हा घट्ट केले. "डावा खांदा जरा वर राहतो तुझा," तो म्हणाला. सदतीस वर्षांच्या संसारात ते त्याला पहिल्यांदा दिसलं.

पहिले चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. पाऊस, डांबरी रस्ता, टाचांना फोड. दुसऱ्या संध्याकाळी तंबूची काठी उलटी घातली आणि अर्धा तास स्वतःला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी एका दगडावर बसून मनसोक्त रडले, आणि रडता रडता लक्षात आलं की मला कुठेही जायचं नाहीये, फक्त पुढे. कुणाची पातेली नाहीत, कुणाची औषधाची वेळ नाही. मग ब्लूबेरी खाल्ल्या आणि उठले. सातव्या दिवसापासून पाय माझे झाले. हाल्वारच्या नकाशावर जिथं सात तास लिहिले होते तिथं मला कधी नऊ लागले, कधी साडेसहा. सरासरीच्या नानाची टांग!

येर्त्रुदच्या शेतावर मी चौदा जूनला पोचले, चार दिवस उशिरा. ती अंगणातच होती.

"चार दिवस पीठ भिजवतेय नि चार दिवस कोंबड्यांना घालतेय," ती म्हणाली. "कोंबड्या माजल्यात. तो माणूस कुठाय?"

"घरी आहे."

"मग तू कशी?"

"डबा माझ्या हातचा आहे, म्हणून मी आले."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, माझे चिखलाचे बूट, सोललेलं नाक. "डब्याचं माणूस आलं ना, झालं तर," ती म्हणाली आणि साचा तापवायला आत गेली. मी आठ वॅफल खाल्ली, वरून बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज. तिनं झाकणावरचं हाल्वारचं नाव काळ्या खडूनं खोडलं. मी सांगितलं नव्हतं.

तिथून पुढे पठार लागलं. बर्फ होतं. आलेख खोटा नव्हता, हे मी कबूल करते. कमरेएवढ्या बर्फावरून दगडांवरच्या लाल खुणा शोधत जायचं, आणि दुपार झाली की बर्फ मऊ होऊन प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत. एकविसाव्या दिवशी समोरून दोन तरुण मुली येताना दिसल्या, उंच, धडधाकट, पाठीवर स्की बांधलेल्या.

"पुढे नदीवरचं बर्फ बसत चाललंय," एक म्हणाली. "आम्ही तर फिरलो. तुम्ही एकट्या आहात का?"

"एकटी आहे," मी म्हणाले. "बघून येते."

मी बघायला गेले ते खरं म्हणजे ओलांडायलाच. मला साठ माणसांची तोंडं दिसत होती. नदीवर बर्फाचा पूल होता, रुंद, पांढरा, अगदी शहाण्यासारखा दिसणारा. मी काठी पुढे करून टोचली. काठी थोडी आत गेली. आणखी पुढे टोचली आणि ती मुठीपर्यंत भसकन आत गेली, आणि त्या भोकातून खालच्या पाण्याचा आवाज वर आला. मी तिथं तासभर उभी राहिले. वर चढून बघितलं, खाली उतरून बघितलं. पन्नास मीटर वरचं अंगही बघितलं. सगळीकडे तेच.

राग इतका आला होता की मी नदीला शिव्या दिल्या. पण मला साठाव्या वर्षी मरायचं नव्हतं, ओडब्यॉर्नला भाषणाला विषय मिळावा म्हणून तर मुळीच नाही. मी फिरले. माझे बूट तळापर्यंत ओले होते.

मागच्या उंचवट्यावर रेंज होती. मी सॅकवर बसून हाल्वारला फोन लावला. पहिल्या घंटीलाच त्यानं उचलला.

"नदी ओलांडता येत नाही," मी म्हणाले. "फिरले."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की मला इथं ऐकू आला. "शाबास," तो म्हणाला. "शाबास, तूरिद. मी म्हटलं होतं ना, त्या पुलाचं ह्या दिवसांत काही खरं नसतं. आता तू खाली रस्त्याला उतर. मी निघतो. उद्या सकाळी आठपर्यंत तिथं गाडी घेऊन येतो. संध्याकाळी घरी असू. तू खूप केलंस. कुणी काही म्हणणार नाही."

"घरी कोण येतंय?"

"म्हणजे?"

"आता दरीत उतरते. मग तीन दिवस रस्त्यानं उत्तरेला, आणि नदी मागे पडली की पुन्हा वर."

"पण ते योजनेत नाही."

"नाही."

"रस्त्यानं गेलीस तर मधला डबा हुकेल."

"दुकानदाराला तुझ्याआधी फोन केला. तो दुधाच्या गाडीबरोबर खाली पाठवतोय. म्हणाला, 'तुमच्यासारखं दर वर्षी कुणीतरी असतंच.' सगळे असंच करतात, हाल्वार. निघतात, अडतात, वळसा घालतात. तुझ्या टेबलाशी बसून गेले ते सगळे असेच गेले. तुला कुणी सांगितलं नाही इतकंच, तुला वाईट वाटेल म्हणून."

  मग तो बोलला, पण आवाज त्याचा वाटत नव्हता. सभेतला नाही, टेबलावरचा नाही. लग्नाआधी तो माझ्याशी असा बोलायचा.

"तूरिद, तिथं कसं आहे गं?"

 ह्या माणसाला ह्या उंचवट्याची उंची तोंडपाठ होती. मी बसले होते त्या ठिकाणाहून पाणी किती पावलांवर आहे हे तो मला आता ह्या क्षणी सांगू शकला असता. समोर पठार संपेपर्यंत पांढरं होतं, मधे मधे काळे दगड उघडे पडले होते, आणि ढग इतके खाली होते की त्यांच्या सावल्या बर्फावरून पळताना दिसत होत्या. मला हे त्याला सांगावंसं वाटलं. फार वाटलं. बावीस वर्षं मी त्याला सगळं ताटात वाढून दिलं होतं, हेही दिलं असतं तर तो सोफ्यावर बसून खाऊन मोकळा झाला असता.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले. "येऊन बघ."

"मी? आता? अगं, मला तयारीला निदान..." कागद चाळल्याचा आवाज आला. खरंच आला. "बूट अजून पायाला बसलेले नाहीत, आणि तंबू तर तुझ्याकडे—"

"उद्या सकाळी आठला गाडी घेऊन येणार होतास ना मला न्यायला? तर ये. गाडी तिथंच सोड, सॅक घे आणि माझ्याबरोबर चाल. तंबूत दाटीवाटीनं झोपू. जमलं नाही तर फिर, तुला कुणी हसणार नाही, मी तर नाहीच. पण मला न्यायला म्हणून येणार असशील तर येऊ नकोस."

तो काहीतरी म्हणाला, पण वाऱ्यानं मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच मी रस्त्यावर पोचले. फाट्यावर पाटी होती, शेजारी एक बाक, आणि दोन्ही बाजूंना लांबवर ओला रिकामा रस्ता. मी बाकावर बसले, क्रिस्पब्रेडला लोणी लावून खाल्लं, मोजे बदलले. आठ वाजले. दोन ट्रक गेले, दुसऱ्यानं मला हॉर्न दिला. मी नऊपर्यंत थांबले, खोटं कशाला बोलू. आमची गाडी निळी, म्हणून प्रत्येक निळ्या गाडीला मान वर केली.

मग सॅक पाठीवर घेतली. डावा पट्टा जरा खाली ओढला आणि उत्तरेच्या बाजूनं चालायला लागले.